रस्ता कोणाचा?

१९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'गुजरात राज्य विरुद्ध श्री अंबिका मिल्स' या खटल्याचा निकाल दिला. वादाचा विषय होता १९५३चा मुंबई कामगार कल्याण निधी कायदा. आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ ज्या कायद्यातून जन्माला आले आणि ज्याच्या नाट्यस्पर्धांनी कितीतरी गिरणी कामगारांना रंगमंचावर उभे केले, तोच हा कायदा. कामगारांनी न उचललेल्या पगाराच्या रकमा मालकाकडे पडून न राहता कल्याण निधीत जाव्यात, अशी त्यात तरतूद होती. गिरणीवाल्यांच्या आक्षेपांपैकी एक असा होता, की कायदा काही आस्थापनांना लावला आणि लहान आस्थापना बाहेर ठेवल्या. हा घटनेच्या चौदाव्या कलमाचा, म्हणजे समतेचा भंग आहे. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी हा आक्षेप फेटाळला. फेटाळताना त्यांनी एका अमेरिकन लेखातील विचारचौकट वापरली. लेख १९४९चा, कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमधला. लेखक दोन : जोसेफ टस्मन आणि जेकोबस टेनब्रुक.

मी कायद्याचा पदवीधर नाही. कामगारविषयक कायद्यांचे जुने निकाल वाचता वाचता हा निकाल माझ्यासमोर आला आणि त्यातल्या दुसऱ्या नावाचा माग मी काढत गेलो. तेव्हा कळले की, गुजरात-मुंबईच्या गिरणी कामगारांच्या कामी आलेली ही चौकट ज्यांनी मांडली, त्या दोघांपैकी एक जण वयाच्या चौदाव्या वर्षापासून पूर्ण अंध होता. एवढेच नव्हे, तर अपंगांचे हक्क हा दयेचा नव्हे, राज्यघटनेचा प्रश्न आहे, हे कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा सविस्तर मांडणाऱ्यांत त्याचे स्थान वरचे आहे. आपल्याकडे वकिलांच्या बाहेर हे नाव जवळपास कोणाला ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

शेतावरून विद्यापीठात

टेनब्रुक यांचा जन्म ६ जुलै १९११ रोजी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, गवताळ माळावरच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असताना मित्राबरोबर खेळताना बाण लागून त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्याची दृष्टी हळूहळू मंदावत गेली. मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंब कॅलिफोर्नियात बर्कलीला आले. तेथल्या अंधशाळेत त्यांना न्यूएल पेरी हे शिक्षक भेटले. पेरी स्वतः अंध होते आणि गणितातली डॉक्टरेट त्यांनी जर्मनीत म्युनिकला मिळवली होती. अंध मुलांनी खुर्च्या विणाव्यात आणि झाडू बांधावेत, यापलीकडे समाजाची कल्पना जात नसे, तेव्हा पेरी आपल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात पाठवत होते. त्यांनीच १९३४ साली कॅलिफोर्नियातील अंधांची राज्यव्यापी संघटना उभी केली.

टेनब्रुक यांनी बर्कलीच्या विद्यापीठातून १९३४ साली इतिहासाची पदवी घेतली. पुढच्या सहा वर्षांत राज्यशास्त्राची एम.ए., कायद्याची पदवी आणि कायद्यातली डॉक्टरेट. शिकागो विद्यापीठात थोडा काळ शिकवून १९४२ साली ते बर्कलीत परतले, ते कायमचे. एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. घटनाशास्त्रावर इतके मूलगामी लिहिणाऱ्या या माणसाची नेमणूक कायद्याच्या विभागात नव्हे, तर वक्तृत्व विभागात झाली. पुढे ते त्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९६३ साली राज्यशास्त्र विभागात गेले.

अध्यापनाच्या जोडीने दुसरे काम चालूच होते. नोव्हेंबर १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी या गावी सात राज्यांतले सोळा जण जमले आणि 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' ही संघटना स्थापन झाली. एकोणतीस वर्षांचे टेनब्रुक तिचे पहिले अध्यक्ष. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था तेव्हाही पुष्कळ होत्या. पण त्यांचे चालक डोळस होते. ही संघटना अंधांची होती, अंधांसाठी इतरांनी चालवलेली नव्हती. मराठीत षष्ठी आणि चतुर्थी हा व्याकरणाचा भेद आहे. टेनब्रुक यांच्या दृष्टीने तो राजकारणाचा भेद होता.

वर्गवारीचे गणित

आता १९४९च्या लेखाकडे. 'कायद्याचे समान संरक्षण' या शब्दांत एक अडचण आहे. प्रत्येक कायदा कोणाला तरी वेगळे काढतो. अठरा वर्षांखालच्यांना मत नाही, परवाना नसलेल्याला गाडी चालवता येत नाही. मग समता कशी मोजायची? टस्मन आणि टेनब्रुक यांनी सांगितले की दोन वर्तुळे कल्पावीत. एक वर्तुळ कायद्याने वेगळ्या काढलेल्या माणसांचे. दुसरे, जो दोष कायद्याला दूर करायचा आहे, तो ज्यांच्यात खरोखर आहे त्यांचे. दोन्ही वर्तुळे तंतोतंत जुळली तर वर्गवारी निर्दोष. एकमेकांना शिवलीच नाहीत तर निव्वळ अन्याय. खरे प्रश्न मधल्या प्रकारांत असतात.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. गावात पटकी पसरली आणि तीन विहिरींचे पाणी दूषित आहे. ग्रामपंचायतीने तिन्हींपैकी एकच बंद केली, तर नियम तोकडा पडला. उलट गावातल्या सगळ्याच विहिरी बंद केल्या, तर नियम गरजेपेक्षा जास्त पसरला. तोकड्या नियमाकडे न्यायालयाने थोडे सबुरीने पाहावे. कारण सरकार एकेक पाऊल टाकत जाते. अंबिका मिल्सच्या निकालात नेमका हाच भाग कामी आला : आधी मोठ्या आस्थापना घेतल्या, लहान पुढे घेता येतील. अतिव्याप्त नियमाकडे मात्र संशयाने पाहिले पाहिजे. कारण त्यात निर्दोष माणसे भरडली जातात. या प्रकारासाठी लेखकांनी बायबलमधल्या हेरोद राजाचे उदाहरण दिले आहे. एका मुलाच्या भयाने त्याने कितीतरी मुले मारवली. आपल्याला कंस आणि पूतना आठवतील.

दुसरे उदाहरण ताजे आणि अमेरिकेचेच होते. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाख दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. काही जण हेर असू शकतील, म्हणून सगळ्यांना शिक्षा. १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सू खटल्यात या धोरणाला मान्यता दिली. टेनब्रुक यांनी दोन सहकाऱ्यांसह या प्रकरणावर 'प्रेज्युडिस, वॉर अँड द कॉन्स्टिट्यूशन' हे पुस्तक १९५४ साली लिहिले. लष्कर, अध्यक्ष, काँग्रेस, न्यायालय आणि सामान्य जनता यांपैकी कोणालाही त्यात मोकळे सोडलेले नाही. अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेचा वुड्रो विल्सन पुरस्कार त्याला मिळाला.

हे सारे अपंगांच्या प्रश्नापासून दूरचे वाटेल. पण 'अंध माणूस हे काम करू शकत नाही' हा नियम कोणत्या प्रकारचा आहे? काही अंध व्यक्तींना ते काम जमणार नाही, जसे काही डोळसांनाही जमणार नाही. तेवढ्यावरून सगळ्या अंधांना बाहेर ठेवणे म्हणजे गावातल्या सगळ्या विहिरींना टाळे लावणे. जपानी वंशाचे नागरिक आणि अंध नागरिक हे टेनब्रुक यांच्या दृष्टीने एकाच गणिताचे दोन दाखले होते.

गुलामगिरीविरोधकांची घटना

समान संरक्षणाचे हे शब्द अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीत १८६८ साली आले. ते कुठून आले? १९५१ साली टेनब्रुक यांचे 'चौदाव्या घटनादुरुस्तीची गुलामगिरीविरोधी मुळे' या आशयाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे, की हे शब्द यादवी युद्धानंतर अचानक सुचलेले नाहीत. १८३०च्या दशकापासून गुलामगिरीविरोधी चळवळीतली माणसे पत्रके, सभा आणि ठराव यांतून हीच भाषा घडवत होती. 'संरक्षण' या शब्दाचा त्यांचा अर्थ कृपाछत्र असा नव्हता. माणूस म्हणून जे हक्क आहेत, ते वापरता यावेत एवढी हमी राज्याने प्रत्येकाला देणे, असा होता.

या विषयावर त्याच काळात काम करणारा दुसरा अभ्यासक म्हणजे लॉस एंजेलिसच्या कायदे ग्रंथालयातले ग्रंथपाल हॉवर्ड जे ग्रॅहॅम. ते बहिरे होते. १९५३ साली, शाळांतल्या वर्णविभाजनाच्या 'ब्राउन' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना विचारले की, चौदावी दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांविषयी काय होते? कृष्णवर्णीयांच्या बाजूने थर्गुड मार्शल आणि त्यांचे सहकारी लढत होते. त्यांनी उत्तर तयार करताना ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतला, त्यांत हे दोघे होते. एक अंध, एक बहिरा. १७ मे १९५४च्या निकालात न्यायालयाने ऐतिहासिक पुरावा निर्णायक नाही असे म्हटले आणि वेगळ्या वाटेने विभाजन रद्द केले. म्हणजे टेनब्रुक यांच्या इतिहासामुळे खटला जिंकला, असे म्हणता येणार नाही. पण उलट बाजूला तो इतिहास आपल्या पदरात पाडून घेता आला नाही, हेही काही थोडे नव्हे.

इथे मराठी वाचकाला एक जुना धागा सापडेल. १९३०-३१च्या गोलमेज परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी, वाहने, खाणावळी, शिक्षणसंस्था यांचा वापर कोणालाही नाकारणे हा गुन्हा ठरवावा, असे त्यात कलम होते. त्याचा आधार म्हणून १८६६ आणि १८७५ या सालांच्या अमेरिकन नागरी हक्क कायद्यांचा उल्लेख योजनेतच आहे. ज्या चळवळीचा शोध टेनब्रुक पुढे घेणार होते, तिच्याच कायद्यांपर्यंत महाडच्या तळ्यावरून आलेले बाबासाहेब वीस वर्षे आधी पोचले होते. दोघांचा एकमेकांशी संबंध आल्याचे मी म्हणत नाही. पाणी मात्र एकाच झऱ्याचे आहे.

खड्डा आणि काठी

टेनब्रुक यांचा सर्वांत महत्त्वाचा लेख १९६६चा. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'जगात राहण्याचा हक्क' असा करता येईल. विषय ऐकायला कोरडा आहे : नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा. अंध माणूस रस्त्याने जाताना कोणीतरी खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडला, तर भरपाई मिळेल का?

त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नियम होता, की जखमी माणसाचा स्वतःचा थोडाही हलगर्जीपणा सिद्ध झाला तर त्याला छदामही मिळत नसे. मग प्रश्न येई : डोळे नसताना एकट्याने रस्त्यावर येणे हाच हलगर्जीपणा नव्हे काय? १९४२ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे स्मिथ विरुद्ध स्नेलर हा खटला आला. दृष्टी अधू झालेला, दारोदार फिरून माल विकणारा माणूस पदपथावरच्या चरात पडला. त्याच्या हातात काठी नव्हती. दावा फेटाळला गेला. दहा वर्षांनी त्याच न्यायालयात डेव्हिस विरुद्ध फाइनस्टाइन खटल्यात काठी घेऊन चालणारा अंध माणूस उघड्या तळघरात पडला होता. त्याला मिळालेली भरपाई कायम राहिली. १९६४ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हेली खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. वीज मंडळाच्या माणसांनी चराच्या तोंडाशी एक लांब दांड्याचा हातोडा तिरका लावून ठेवला होता. डोळसाला तो अडसर दिसला असता. काठीला तो लागला नाही. पडलेला अंध गृहस्थ त्या अपघाताने बहिराही झाला. लॉर्ड्सचे म्हणणे असे पडले की, शहरात दर पाचशे माणसांत एक अंध असताना, अंध माणूस या रस्त्याने येईल हे खणणाऱ्याने गृहीत धरायलाच हवे होते.

टेनब्रुक यांनी असे कितीतरी निकाल एकत्र ठेवले आणि त्यांतून एक विसंगती दाखवली. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून सरकारचे धोरण अपंगांना समाजात आणण्याचे, कामाला लावण्याचे आहे, असे सांगितले जाते. पण माणूस कामावर जाण्यासाठी उंबरठा ओलांडतो तेव्हा दिवाणी कायदा त्याला सांगतो, 'तू घरी बसायला हवे होतेस.' एक हात बोलावतो, दुसरा ढकलतो. रस्ता, बस, आगगाडी, उपाहारगृह, घर भाड्याने घेणे या सगळ्यांत वावरण्याचा हक्क नसेल, तर पुनर्वसनाच्या योजना कागदावरच राहणार. आपण स्वतः अंध आहोत हे त्यांनी लेखात लपवलेले नाही. आयुष्यभर ते पांढरी काठी घेऊन एकटे प्रवास करत आले होते, आणि तो अनुभव त्यांनी तळटीपेत पुरावा म्हणून हजर केला.

इथे नागरी हक्कांशी असलेला सांधा स्पष्ट होतो. १९६४च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे आणि हॉटेले यांत वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेद करायला बंदी घातली. अपंगत्वाचा उल्लेख त्यात नव्हता. आपल्या घटनेचे कलम १५ (२) पाहा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. यादीत अपंगत्व नाही. काळ्या माणसाला किंवा महाडच्या महाराला अडवणारा दुसरा माणूस असतो, तो दिसतो. अंध माणसाला खड्डा अडवतो, चाकाच्या खुर्चीला पायरी अडवते. अडवणारा कोणी दिसत नाही, म्हणून तो अन्याय वाटत नाही, दैव वाटते. टेनब्रुक यांचे मोठे काम हे, की त्यांनी खड्ड्यामागचा माणूस आणि त्याचे कर्तव्य दाखवून दिले.

लेखासोबत त्यांनी 'पांढरी काठी कायद्या'चा नमुना मसुदाही मांडला. अंध आणि अन्य अपंगांना रस्ते, वाहने, सार्वजनिक जागा यांचा इतरांइतकाच हक्क, आणि काठी जवळ नसणे हा आपोआप हलगर्जीपणा ठरणार नाही, ही त्यातली मुख्य सूत्रे. दुसरे सूत्र स्मिथ विरुद्ध स्नेलरला दिलेले सरळ उत्तर आहे. कॅलिफोर्नियाने १९६८ साली असा कायदा केला. पुढे अनेक राज्यांनी केला. त्याच वर्षी २७ मार्चला टेनब्रुक कर्करोगाने गेले. त्यांचे वय ५६ होते.

उणे बाजू

असा माणूस आदर्श करून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. त्यांच्या संघटनेत पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मोठी फूट पडली आणि १९६१ साली त्यांनी अध्यक्षपद सोडले. १९६६ साली ते परत आले. त्यांच्या विचारातही एक मर्यादा दिसते. संधी मिळाली तर अंध माणूस इतरांच्या बरोबरीने स्पर्धा करू शकतो, यावर त्यांचा सारा भर होता. पण ज्याला स्पर्धा करताच येणार नाही, जो आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराने जगेल, त्याच्या हक्काचे काय? याचे उत्तर त्या भरात पुरेसे मिळत नाही. मात्र ते केवळ सक्षमांचे वकील होते असेही नाही. १९५० ते १९६३ ते कॅलिफोर्नियाच्या राज्य समाजकल्याण मंडळावर होते, शेवटची काही वर्षे अध्यक्षही. सरकारी मदत घेणाऱ्या अंधाने चार पैसे कमावले की तेवढीच मदत कापली जाई. ही पद्धत माणसाला कायमचा आश्रित करते, हे ते आणि त्यांची संघटना सतत सांगत राहिली. १९५०च्या संघीय दुरुस्तीने अंधांच्या महिन्याच्या कमाईतले पहिले ५० डॉलर या कापाकापीतून वगळले गेले.

आपल्याकडे

अमेरिकेत १९७३चे पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९०चा अपंगविषयक कायदा हे या वाटेवरचे पुढचे टप्पे. आपल्याकडे पहिला व्यापक कायदा १९९५चा, दुसरा २०१६चा. न्यायालयातली लढाई त्याआधीच सुरू झाली होती. १९९३ साली अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन नागरी सेवा परीक्षा देण्याचा मार्ग मोकळा केला. २०१३ साली त्याच संघटनेच्या प्रकरणात आरक्षणाची टक्केवारी एकूण जागांवर मोजायची, असे ठरले. एस. के. रुंगटा हे स्वतः अंध असलेले वकील या लढ्यात पुढे होते. म्हणजे विल्क्स-बॅरीचे षष्ठी-चतुर्थीचे भान इथेही होतेच.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. निकाल वाचताना मला ती दोन वर्तुळे दिसत होती. न्यायनिवाडा करण्याची अक्षमता हे एक वर्तुळ आणि दृष्टिहीनता हे दुसरे. नियमाने ती एकच मानली होती.

रस्त्याचा प्रश्न मात्र नोकरीपेक्षा चिवट आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०१७ साली सरकारांना सविस्तर आदेश मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, २०१६च्या कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम निव्वळ शिफारशींवर थांबतो, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे. सक्तीची किमान मानके करा. शिफारस आणि सक्ती यांतला हा फरक म्हणजेच दया आणि हक्क यांतला फरक.

दर वर्षी १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन येतो. अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ साली त्याची घोषणा केली; आपल्याकडेही तो पाळला जातो. पावसाळा संपलेला असतो, दिवाळी तोंडावर असते आणि आपल्या शहरांत रस्ते खणण्याचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी भाषणे होतात, अंधांच्या जिद्दीचे कौतुक होते. टेनब्रुक यांना कौतुकाचे फारसे अगत्य नसावे. त्यांचा प्रश्न ठेकेदाराला होता : या वाटेने कोण कोण येणार आहे, हे खणण्याआधी तू धरून चाललास का? आणि दुसरा प्रश्न न्यायाधीशाला : धरून चालला नसेल, तर नुकसान कोणी सोसायचे? आपल्या रस्त्यांवर पहिला प्रश्न अजून विचारला जात नाही, म्हणून दुसऱ्याचे उत्तर पडणारा माणूसच देत राहतो.